वजनाचा काटा मध्येच का अडतो?

रोज एक पोळी कमी खाल्ली तर वजन किती उतरेल? जुनं गणित सोपं आहे. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी, पोळीत धरा शंभर. म्हणजे वर्षाला पावणेपाच किलो, तीन वर्षांत चौदा. याच हिशेबाने दहा वर्षांत सत्तेचाळीस किलो उतरायला हवेत, आणि तसं कुणाचंच होत नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे गणित दुरुस्त केलं. रोजच्या शंभर किलोकॅलरींच्या कपातीने सरासरी स्थूल माणसाचं वजन अखेरीस चार-साडेचार किलोंनी घटतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळं तीन वर्षांत. पुढे काटा स्थिरावतो, कारण हलकं झालेलं शरीर चालवायला ऊर्जाच कमी लागते. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि भूक वाढते. खर्च उतरत उतरत जेवणाशी जुळतो आणि तूट संपते.

तूट फार मोठी असेल तर शरीर आणखी हात आखडतं. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांनी तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो घटवले होते. सहा वर्षांनी हॉल यांच्या गटाने त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा सरासरी ४१ किलो परत आले होते. त्याहून धक्कादायक म्हणजे, नुसतं पडून राहताना त्यांच्या शरीराने जितकी ऊर्जा खर्च करायला हवी, त्याहून ते रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होतं. अशा माणसाला ‘तुमचा मनावर ताबा नाही’ असं सुनावणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच गटात काहींनी मात्र वजन बऱ्यापैकी राखलं होतं. त्यांची शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीच्या तुलनेत सरासरी १६० टक्क्यांनी वाढलेली होती; वजन परत आलेल्यांची ३४ टक्क्यांनी. खाण्यातली घट दोघांची जवळपास सारखीच. वजन उतरवताना ताटाचा वाटा मोठा असतो, उतरलेलं टिकवताना व्यायामाचा. म्हणून वर्षानुवर्षं पाळता येईल एवढीच कपात करावी आणि चालण्याच्या जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायामही पहिल्या आठवड्यापासून ठेवावा. नुसत्या उपासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.