घरचा जनरेटर : घेताना आणि चालवताना



१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकलसुद्धा जागेवर थांबल्या. आपली कितीतरी माणसं लालबाग-परळला, दादर-गिरगावात राहतात. घरी जनरेटर घ्यावा का, हा प्रश्न तिकडंही आहे आणि गावातही.

चाळीच्या खोलीत जनरेटर नकोच. गॅलरीत ठेवला तरी धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच दगावतो. तिथं बॅटरीवरचा इन्व्हर्टर बरा.

गावी घ्यायचा तर आधी भार मोजा. पंखा सुमारे ७५ वॅट, ट्यूब ४०, फ्रिज १५० ते २००. मात्र फ्रिज आणि मोटर सुरू होताना तिप्पट किंवा त्याहून जास्त वीज ओढतात. २ केव्हीएचा जनरेटर साधारण १,६०० वॅट देतो. त्यावर दिवे, पंखे, फ्रिज चालेल. एक अश्वशक्तीची मोटर लावू नका.

चेंजओव्हर स्विच वायरमनकडूनच बसवून घ्या. तो नसेल तर घरची वीज उलटी लाइनवर जाते, रोहित्रातून ११,००० व्होल्ट होते आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव घेते. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे.

जनरेटर घरापासून २० फूट लांब, उघड्यावर, पण कोरड्या जागी ठेवा. गोठ्यात किंवा पाचटाजवळ नको. अर्थिंग करा. तेल भरायचं ते बंद करून, थंड झाल्यावरच.