‘साठ’ म्हटले, ऐकू आले ‘आठ’

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावात यंत्रमागाच्या शेडशेजारून जाताना आतला खडखडाट नवख्या माणसाला दोन मिनिटांत नकोसा होतो. आत उभ्या कामगाराला विचारले तर तो हसून सांगतो, ‘आता कान सरावले.’ हे सरावणे म्हणजे बरेचदा बहिरेपणाची सुरुवात असते.

जुन्या पद्धतीच्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. प्रत्येक फेकीला लाकडी दांड्याचा फटका, प्रत्येक थांब्याला पेटीवरची आदळ. असे वीस-पंचवीस माग पत्र्याच्या छपराखाली दाटीने चालू असले की आवाज साधारण ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. डेसिबलचे गणित फसवे आहे. आकडा फक्त तीनने वाढला तरी कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक वळसेदार नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेबरोबर त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सतत मारा झाला की त्या आधी थकतात. पाळी सुटल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते, कुईं आवाज येत राहतो आणि झोप झाली की बरे वाटते. रोज हेच घडू लागले की काही पेशी कायमच्या मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे यावर गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण हरवलेला स्पष्टपणा पूर्ण परत येत नाही.

पहिला घाव ४००० हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या पट्टीवर बसतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने वरच्या. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. बाजारात ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ वाटते, नातवंडांचे बोलणे पुटपुटल्यासारखे भासते. घरचे म्हणतात, लक्ष नसते. कामगार चारचौघांत बोलणेच कमी करतो.

हे ज्ञान नवे नाही. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरांनी १८८६ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान खिशातल्या घड्याळाच्या टिकटिकीवर तपासले. निर्दोष कानाचा एकही सापडला नाही. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने हा बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत घातला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. कारखान्यांसाठीच्या नियमांत मर्यादा ९० डेसिबल, आठ तास अशी आहे. ९५ झाले तर चार तास, १०० झाले तर दोन. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेची शिफारस याहून कडक आहे: ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटे! यंत्रमागाची पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची. शिवाय असंख्य शेड इतक्या लहान, की कारखाना म्हणून त्यांची कुठे नोंदच नसते.

उपाय खर्चीक असतात, असे मालक म्हणतात. धोटा नसलेले माग महाग आहेत, हे खरेच. पण सैल झालेले भाग कसणे, वेळेवर वंगण घालणे, मागाखाली रबराचे पॅड बसवणे यांना फार पैसे लागत नाहीत. कानात कोंबलेला कापूस किंवा सुताचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. फोमचे बूच चालते, पण ते बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत धरून ठेवावे लागते. अर्धवट बसवलेले बूच नावालाच असते. पाळीत तासभर काढून ठेवले तरी फायद्याचा मोठा भाग जातो.

कामावर घेताना एकदा आणि पुढे दरवर्षी ऑडिओमेट्री करणे हा खरा पहारा. खोल शांत हवी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण तपासणीआधी कानाला किमान १४ तास गोंगाटापासून विसावा लागतो. नाहीतर थकलेला कान आणि मेलेल्या पेशी यांतला फरक कळत नाही. बारा तासांच्या पाळीनंतर उरतात बाराच तास. त्यामुळे अशा कामगाराची तपासणी साप्ताहिक सुट्टी संपताना, पाळीवर चढण्याआधीच ठेवावी लागेल.