मागच्या बाजूची गाणी

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत ध्वनिमुद्रण करत होता. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत त्याच्याकडे आलं होतं आणि त्यासाठी त्याला इथलेच वादक हवे होते. फोर्टातला एचएमव्हीचा स्टुडिओ तेव्हा फक्त मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचं, ध्वनिमुद्रण करू शकत होता. कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं मुंबईला आणवलं. रस्त्यावरची वर्दळ स्टुडिओत ऐकू यायची, ती सांभाळून काम चाले. चित्रपटाचं काम उरकता उरकता हॅरिसननं आणखी एका चालीचं वादन टेपवर घेतलं. सरोद, बासरी, शहनाई, पखवाज आणि पेटी असा तो मेळ होता. वादकांमध्ये आशिष खाँ आणि हरिप्रसाद चौरसिया यांची नावं घेतली जातात. फेब्रुवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यावर गायन चढलं आणि मार्चमध्ये ‘द इनर लाइट’ या नावानं ते बाजारात आलं, ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर मात्र ते त्या काळच्या कुठल्याच अल्बमवर आलं नाही. ज्याच्याकडे ‘लेडी मॅडोना’ची तबकडी असेल आणि ती उलटून लावायची सवय असेल, त्यालाच ते माहीत. अशा गाण्यांचा एकत्र अल्बम कसा तयार होतो, ते इथे पाहू. गाणी शोधायची आणि ओळीनं लावायची एवढंच हे काम असेल असं वाटतं, पण खरी मेहनत वेगळ्याच ठिकाणी पडते.

आधी सिंगल म्हणजे काय ते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना समजावायला नको. प्रत्येक बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं, एवढाच ऐवज. १९४९ मध्ये अमेरिकेच्या आरसीए व्हिक्टर कंपनीनं ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली, तिनंही तीच रीत चालू ठेवली. ज्या गाण्यावर कंपनीचा भरवसा ते पुढच्या, म्हणजे ‘ए’ बाजूला. उलटी बाजू रिकामी सोडणं शक्य नाही, म्हणून तिथे आणखी एक. ही बी-साइड. निर्माता फिल स्पेक्टर तर मागे मुद्दाम वादकांचं कसलंतरी वाजवणं टाकून द्यायचा. रेडिओवाल्यांनी चुकूनही तबकडी उलटू नये, हा हेतू. पण अंदाज चुकतातच. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे १९५४ मध्ये बी-साइड म्हणून निघालं होतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही.

मागच्या बाजूला पैसा मात्र कमी नव्हता. तबकडी विकली गेली की दोन्ही गाण्यांच्या रचनाकारांना सारखंच मानधन मिळे. क्वीनच्या १९७५ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या मागे ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं. ते फारसं कुणी ऐकलं नसेल, पण टेलरच्या खात्यात मुख्य गाणं लिहिणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीइतकीच रक्कम जमा होत गेली आणि बँडमध्ये त्यावरून कुरबुरी झाल्या. बी-साइडवर कुणाचं गाणं जाणार हा प्रश्न म्हणूनच बँडच्या आत फार नाजूक असतो.

दुसरा फायदा मोकळेपणाचा. पुढच्या गाण्यानं विक्रीचा भार उचललेला असतो, त्यामुळे मागे प्रयोग करता येतो. बीटल्सच्या १९६६ च्या ‘पेपरबॅक रायटर’मागचं ‘रेन’ घ्या. वादन वेगात वाजवून टेप हळू फिरवली आहे, शेवटी गायकाचा आवाज उलटा लावला आहे. माझ्या मते पुढच्या गाण्यापेक्षा ते सरस आहे, आणि असं मानणारा मी एकटा नाही.

साठच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये सिंगलवरची गाणी अल्बमवर पुन्हा द्यायची नाहीत असाही एक संकेत होता. एकाच गाण्याचे दोनदा पैसे घेणं ग्राहकाला रुचत नसे. म्हणून बीटल्सची बरीच गाणी अल्बमबाहेर राहिली. १९८७ मध्ये त्यांचे अल्बम सीडीवर आले तेव्हा ही उणीव उघडी पडली. ती भरून काढण्यासाठी मार्च १९८८ मध्ये ‘पास्ट मास्टर्स’चे दोन भाग निघाले. संकलक होता मार्क लुइसन, रेकॉर्ड कंपनी ईएमआयच्या ध्वनिमुद्रणाच्या नोंदी तारीखवार धुंडाळून बीटल्सच्या स्टुडिओतल्या कामावर पुस्तक लिहिणारा अभ्यासक.

या कामाची सुरुवात गाण्यांपासून होत नाही, नियमापासून होते. ‘चांगली गाणी घ्या’ हा नियम नव्हे. चांगलं कुठलं यावर दोन चाहत्यांचं एकमत होत नाही. ‘पास्ट मास्टर्स’चा नियम कोरडा होता: अधिकृत अल्बमवर जे नाही ते सगळं घ्यायचं, जे आहे ते सोडायचं. म्हणून ‘आय ॲम द वॉलरस’ बी-साइड असूनही वगळलं गेलं, कारण ते ‘मॅजिकल मिस्टरी टूर’वर आहे. उलट, जर्मन भाषेत गायलेली दोन गाणी आली, एका धर्मादाय अल्बमसाठी दिलेलं ‘अक्रॉस द युनिव्हर्स’चं वेगळं रूप आलं, कधीच अल्बमवर न आलेली ‘हे ज्यूड’सारखी पुढच्या बाजूची गाणीही आली. एकूण ३३. नियम असा कडक असला की संकलकाची आवडनिवड आपोआप दूर राहते, आणि ऐकणाऱ्याला कपाट भरल्याची खात्री मिळते.

ओएसिस या बँडनं १९९८ च्या ‘द मास्टरप्लॅन’साठी बरोबर उलटं केलं. नव्वदच्या दशकात सिंगल सीडीवर आलं होतं आणि एका सीडीवर मुख्य गाण्यासोबत दोन-तीन जादा गाणी द्यावी लागत. बँडचा गीतकार नोएल गॅलाघर यानं तीन-चार वर्षांत या भरतीसाठी इतकी चांगली गाणी खर्ची घातली की १९९७ चा त्यांचा तिसरा अल्बम रोडावला, असं समीक्षक आजही म्हणतात. मला ते पटतं. ‘द मास्टरप्लॅन’मध्ये त्यांतली चौदाच घेतली आहेत. ‘वंडरवॉल’ या सिंगलच्या मागे पडलेल्या गाण्यावरूनच अल्बमचं नाव ठेवलं. (त्या सिंगलचं नाव हॅरिसनच्या ‘वंडरवॉल’ अल्बमवरूनच घेतलेलं, म्हणजे मुंबईचा धागा असा लांबून ओएसिसपर्यंतही जातो.) निवडक संग्रह काय किंवा पूर्ण संग्रह काय, दोन्ही रास्त आहेत. फसगत होते ती दोन्हींच्या मधे घुटमळणाऱ्या संग्रहांची.

नियम ठरला की टेपांचा शोध, आणि कामाचा सगळ्यात जिकिरीचा भाग हाच. पुढच्या गाण्याची मास्टर टेप कंपनी जपते. मागच्या गाण्याच्या टेपला तेवढा मान नसतो. डब्यावरची चिठ्ठी वेगळी आणि आत टेप वेगळी, हे नेहमीचंच. सत्तरच्या दशकातल्या काही अमेरिकी टेपना आणखी एक रोग आहे. चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतला ओलावा शोषतो, टेप चिकट होते आणि यंत्रावर फिरवताच थर खरवडून निघतो. त्यावर उपाय ऐकायला विचित्र आहे: टेप साधारण ५०-५५ अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेत काही तास शेकायची. त्यानंतर ती काही आठवडे वाजवण्याजोगी राहते. तेवढ्या अवधीत संगणकावर उतरवून घ्यायची. जळालेल्या टेपला मात्र औषध नाही. जून २००८ मध्ये हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सलच्या गोदामाला आग लागली, तीत किती ध्वनिमुद्रणं गेली हा वाद अजून मिटलेला नाही.

बीटल्सच्या बाबतीत ‘लव्ह मी डू’नं पेच टाकला. हे गाणं सप्टेंबर १९६२ मध्ये दोनदा ध्वनिमुद्रित झालं. ४ तारखेला ड्रमवर रिंगो स्टार होता, ११ तारखेला भाड्यानं बोलावलेला अँडी व्हाइट. त्या दिवशी रिंगोच्या हाती खंजिरीसारखी टँबरीन दिली गेली. पहिल्या सिंगलवर रिंगोचं वादन होतं, अल्बमवर व्हाइटचं. (ओळखायचं कसं? टँबरीन ऐकू आली तर तो अँडी व्हाइट.) रिंगोच्या वादनाची मूळ टेप उरलीच नव्हती. तेव्हा १९६२ च्या सिंगलची एक स्वच्छ तबकडी मिळवून तिच्यावरूनच गाणं उतरवून घेतलं गेलं. जगातल्या एका अत्यंत श्रीमंत बँडच्या अधिकृत संग्रहाचं पहिलं गाणं हे असं तबकडीवरून आलेलं आहे. ‘शी लव्ह्ज यू’ आणि तिच्यामागचं ‘आयल गेट यू’ यांच्याही मूळ सत्राच्या टेपा गेल्या, राहिलं ते सगळे आवाज एकत्र केलेलं मोनो मिक्स. त्यामुळे स्टिरिओ गाण्यांच्या रांगेत ती मोनोच आहेत.

टेप सापडली तरी प्रश्न संपत नाही, कारण एकाच गाण्याची रूपं अनेक असतात. ‘द इनर लाइट’ १९६८ मध्ये लोकांनी ऐकलं ते मोनोमध्ये. त्याचं स्टिरिओ मिक्स जानेवारी १९७० मध्ये झालं आणि ‘पास्ट मास्टर्स’मध्ये तेच आहे. मग खरं कुठलं? विकत घेणाऱ्याच्या घरी जे वाजलं ते खरं, असं माझं मत. २००९ मध्ये मोनो संच काढताना ‘मोनो मास्टर्स’ नावाचा वेगळा भाग केला गेला, म्हणजे कंपनीलाही ते पटलं असावं. पुन्हा नवं मिक्स करायचा, सूर दुरुस्त करायचा, हरवलेला शेवट जोडायचा मोह संकलकाला होतोच, आणि तिथेच हात आवरावा लागतो. ‘यू नो माय नेम’ हे सहा मिनिटांचं गमतीचं गाणं सिंगलसाठी चारेक मिनिटांवर कापलं होतं. ‘पास्ट मास्टर्स’मध्ये ते कापलेलंच आहे, लांब रूप १९९६ च्या ‘अँथॉलॉजी’त वेगळं दिलं. हीच योग्य पद्धत.

यानंतर मास्टरिंग. आठ वर्षांत वेगवेगळ्या यंत्रांवर झालेली गाणी एकामागून एक लावली की एक ओरडतं, दुसरं पुटपुटतं, तिसऱ्यात खरखर. आवाजाची पातळी जुळवायची, पण खरखर साफ करता करता झांजांची धारही निघून जाते. २००९ मध्ये ॲबी रोडच्या तंत्रज्ञांनी बीटल्सचा सगळा संग्रह नव्यानं तयार केला, त्याला चार वर्षं लागली. एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहूनही कमी भागावर त्यांनी खरखर काढण्याचं तंत्र वापरलं. हा आकडा प्रत्येक उत्साही तंत्रज्ञानं टेबलासमोर लावून ठेवावा.

मग क्रम. तारखेनुसार लावलं तर बँड मोठा होताना ऐकू येतो. द क्युअर या बँडच्या २००४ च्या ‘जॉइन द डॉट्स’मध्ये चार सीडींवर ७० गाणी अशीच कालक्रमानं आहेत आणि त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ यानं त्यांवर भाष्यही केलंय. कालक्रमाची एक गंमत अशी की शेवट आपल्या हातात राहत नाही. ‘पास्ट मास्टर्स’ संपतो तो गंभीर ‘लेट इट बी’वर नव्हे, तिच्यामागच्या त्या चावट ‘यू नो माय नेम’वर. ओएसिसनं तारखा बाजूला ठेवल्या: सुरुवातीला दोघे गॅलाघर भाऊ आलटून पालटून गातात ते ‘ॲक्विएस’, शेवटी वाद्यवृंदासह ‘द मास्टरप्लॅन’. नवख्या श्रोत्याला हा क्रम सोपा जातो.

हक्कांचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते वकिलांचं आहे. जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची, तसा इथला मामला: ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे, शब्द-सुरांचा रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे. बँडनं मधे कंपनी बदलली असेल तर दोन कंपन्यांची संमती लागते. बी-साइडवर दुसऱ्याचं गाणं गायलेलं असेल, आणि असं फार वेळा असतं, तर त्या मूळ रचनाकाराला मानधन द्यावं लागतं. आपल्याकडेही कायदा ही दोन अंगं वेगळी धरतो. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क बळकट केला.

उरते ती सोबतची पुस्तिका. कुठलं गाणं कधी, कुठे, कुणी वाजवलं, कुठल्या सिंगलच्या मागे होतं, हे नसेल तर तो संग्रह म्हणजे नुसता ढीग. सूर स्तुतीचाच हवा असंही नाही. आरईएम या बँडच्या १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये गिटारवादक पीटर बक यानं स्वतःच्याच गाण्यांची यथेच्छ टर उडवली आहे, आणि ती पुस्तिका वाचूनच लोक तो अल्बम प्रेमानं ऐकतात.

हे सगळं वाचून घरातल्या माळ्यावरच्या रेकॉर्डी आठवल्या असतील तर एक काम करा. भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या कितीतरी तबकड्यांची मागची बाजू कुणी नोंदवलेलीच नाही. भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा, त्यांवरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला आकडा वहीत उतरवा. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेतल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या संग्राहकाला ती यादी दाखवा. कंपनीकडे टेप नसेल, तेव्हा तुमचीच तबकडी कामाला येईल.