पेढीवरच्या अदृश्य लहरी

सायंकाळी दुकानात गिऱ्हाईकांची वर्दळ वाढते आणि नेमके त्याच वेळी वायफायवर चालणारे कार्डयंत्र अडखळू लागते. दुकानदार बँकेला दोष देतो. बहुतेक वेळा खोळंबा बँकेपर्यंत पोहोचलेलाच नसतो. तो दुकानाच्या चार भिंतींत, हवेतच झालेला असतो.

वायफाय आणि ब्लूटूथ ही दोन्ही साधने मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने. एका लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. १९३३ च्या कायद्याने आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला होता. हा पट्टा मात्र शासनाने २००५ मध्ये, शक्तीची मर्यादा घालून, परवान्यातून मुक्त केला. तेव्हापासून तो गावच्या गायरानासारखा झाला आहे. कोणीही यावे; पण दुसऱ्याच्या गुरांविषयी तक्रार करण्याची सोय नाही.

या पट्ट्यात वायफायच्या तेरा वाहिन्या मोजल्या जातात. परंतु त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींना धक्का न लावता नांदतात. शेजारच्या दहा दुकानांचे राउटर त्याच तिघींवर बोलतात. त्यात माडीवरच्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यातली. ब्लूटूथ या गर्दीतून निराळ्या युक्तीने वाट काढते: ७९ उपवाहिन्यांवर सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारते. अशा उड्यांच्या कल्पनेचे एक पेटंट १९४२ मध्ये हेडी लामार या चित्रपट अभिनेत्रीला एका संगीतकारासह मिळाले होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

गल्ल्याजवळच्या यंत्रांसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा. तेथे जागा ऐसपैस आहे. मात्र भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. म्हणून मागच्या गोदामाला २.४ च बरा. राउटर लोखंडी कपाटाआड ठेवला, तर दोन्ही निरुपयोगी.

कार्ड टेकवून पैसे देण्याची लहर १३.५६ मेगाहर्ट्झची. ती काही सेंटिमीटरच जाते, आणि हा तोकडेपणाच तिचे एक संरक्षण आहे. पाच हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय व्यवहार होतो, तो काही अंशी याच भरवशावर. वायफायचे तसे नाही. ते शटर ओलांडून रस्त्यावर जाते. तरीही कित्येक दुकानांत परवलीचा शब्द फलकावर लिहिलेला असतो आणि त्याच जाळ्यावर हिशेबाचा संगणक जोडलेला असतो. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय आजच्या बहुतेक राउटरांत आहे. ती वापरावी आणि राउटरच्या मागे छापून आलेला मूळ शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नोकरी सोडणाऱ्या मुनिमाकडून तिजोरीची किल्ली आठवणीने परत घेतली जाते. वायफायचा शब्द मात्र त्याच्या मोबाइलमध्ये तसाच राहतो.