चवळीच्या दाण्यांतून उलगडणारा सिकलसेल

"सिकलसेल आपल्याच लोकांत एवढा का?" विदर्भातल्या विहारात आरोग्याचा वर्ग घेतला की हा प्रश्न येतोच. कुणी रक्तालाच दोष देते, कुणी मागच्या जन्मावर ढकलते. हल्ली आम्ही उत्तर तोंडी देत नाही, मुलांपुढे एक कापडी पिशवी ठेवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे, पण मुले तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

पिशवीत चवळीचे, म्हणजे आपल्या बरबटीचे, १०० दाणे घ्यायचे: ९० लाल, १० पांढरे. आकार सारखा हवा, नाहीतर पोरे चाचपून ओळखतात. लाल दाणा म्हणजे सामान्य जनुक, पांढरा म्हणजे सिकलचे. डोळे मिटून दोन-दोन दाणे काढायचे. एक आईकडून, एक वडिलांकडून. झाले एक बाळ. लाल-पांढरा म्हणजे एएस, वाहक. हे बाळ जगते. दोन्ही पांढरे म्हणजे एसएस. हे दाणे बाजूला. दोन्ही लाल असतील तर नाणे उडवायचे. छापा आला तर बाळ वाचले, काटा आला तर मलेरियाने गेले. (खऱ्या मलेरियात निम्मी मुले जात नाहीत, खेळ लवकर रंगावा म्हणून आम्ही प्रमाण वाढवले आहे.) वाचलेल्यांचे दाणे मोजायचे, त्याच प्रमाणात पुन्हा १०० करायचे आणि पुढची पिढी काढायची.

वर्गात एसएस मूल बसलेले असू शकते. म्हणून "हे मेले" असे आम्ही म्हणू देत नाही. ही औषधे नसलेल्या काळाची गोष्ट आहे, हे आधीच सांगतो. आज हायड्रॉक्सियुरिया, लसी, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांमुळे एसएस मुले मोठी होतात, शिकतात.

मुलांना वाटते, पांढरे दाणे संपणार. हिशेबाने होते उलटे: १० चे १५, मग २१, मग २६, आणि शेवटी तेहतीसच्या आसपास थांबतात. नाण्याच्या लहरीने आकडे थोडे मागेपुढे होतात, पण कल हाच. एखादे मूल हमखास म्हणते, "मलेरियाशी लढायला रक्त बदललं." तेव्हा आम्ही विचारतो, एखाद्या तरी दाण्याचा रंग बदलला का? नाही. पांढरे आधीपासूनच होते, फक्त वाचणाऱ्यांत त्यांची संख्या वाढली. डार्विनने १८५९ साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. सिकल आणि मलेरियाचे नाते अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून १९५४ साली दाखवले. एएस व्यक्तीलाही मलेरिया होतो, पण लहानपणी तो जिवावर बेतण्याचे प्रमाण कमी असते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, ओडिशा, नंदुरबार, गडचिरोली, सगळीकडे सिकलचा इतिहास मलेरियाशी जोडलेला आहे. यात पापपुण्य कुठे आले? आपापसातच लग्ने होत राहिल्याने दाणे त्याच पिशवीत फिरत राहिले, एवढेच.

मग नाणे काढून घेतो. मलेरिया नाही, सगळे लाल-लाल जगतात. आता पांढरे ३३ वरून २५, २०, १७, १४ असे उतरतात. पण दहा पिढ्यांनंतरही सात-आठ उरतातच, कारण ते लाल दाण्याच्या आड लपलेले असतात. दहा पिढ्या म्हणजे अडीचशे वर्षे. मलेरिया हटला की सिकलसेल आपोआप जाईल, या भरवशावर बसता येत नाही ते यामुळे.

शेवटचा डाव मोठ्या मुलामुलींसाठी, आणि जमले तर त्यांच्या आयांसाठी. दोन पिशव्या, प्रत्येकीत एक लाल, एक पांढरा: दोघेही एएस. प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता चारात एक. दाणा दर वेळी परत टाकायचा असतो, म्हणून "एक झालं, आता पुढची तीन सुटली" हा समज खोटा. आणि नुसत्या सुनेला बोल लावणेही खोटे; दुसरा पांढरा दाणा मुलाच्याच पिशवीतून आला. एएस मुलीने सामान्य मुलाशी लग्न केले तर एकही मूल एसएस होत नाही. तरी एएस म्हणून मुलीचे स्थळ मोडते, ते केवळ अज्ञानाने.

सोल्युबिलिटी चाचणीत फक्त सिकल आहे की नाही ते कळते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच ठरते. म्हणून पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढची करून घ्या, आणि कागद जपून ठेवा. लग्नाच्या बोलणीआधी तो दोन्ही घरांकडे असावा.