तरुण सर्जनला वेळ कोण देतो?

आपल्या फ्रीमाँटहून डंबार्टन पूल ओलांडला की स्टॅनफर्ड जवळच. अशा विद्यापीठांतले काही तरुण सर्जन ऑपरेशनं करतात आणि संशोधनही. मुलांनो, तुम्ही विचाराल, दोन्ही कसं जमतं?

मी नर्स होते, म्हणून सांगते. एक पेशंट टेबलावरून उतरला की दुसरा तयारच. जखम का चिघळली, हा प्रश्न सर्जनच्या मनात येतो आणि तिथेच राहतो. शोध घ्यायला मोकळा वेळ हवा आणि वाट दाखवणारा गुरू हवा.

त्यासाठी अमेरिकेची सरकारी संस्था एनआयएच 'के०८' नावाचे अनुदान देते. तीन ते पाच वर्षे पगाराचा भाग त्यातून मिळतो. अट अशी की ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यायचा. पण सर्जनचा हात सरावात राहिला पाहिजे, म्हणून काही शस्त्रक्रिया-शाखांना ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. अनुभवी मार्गदर्शक मात्र हवाच.

आपल्या बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकल्या आणि १९१९ साली एम.डी. झाल्या. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख असताना, बाळंतपणात आया का दगावतात याचा त्यांनी शोध घेतला. तो अहवाल १९४१ साली निघाला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा आजी-आजोबांनो, डॉक्टर झालेली नात म्हणाली, "अजून पाच वर्षं संशोधन करते," तर "कमावणार कधी?" असं लगेच विचारू नका. आधी विचारा, "कशाचा शोध घेतेस गं?"