तोंडओळख (लेखांक ९) : हाड ‘भरायचं’ म्हणजे काय?

हिरडीतून रक्त का येतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्या रक्ताकडे दहा-पंधरा वर्षं काणाडोळा केला की काय होतं, ते एक्स-रेवर दिसतं. दाढेच्या एका बाजूचं हाड जागच्या जागी असतं; दुसऱ्या बाजूला मुळालगत उंदराने कुरतडल्यासारखा तिरका खड्डा पडलेला असतो. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या फटीत सरकवतात. निरोगी तोंडात ती ३ मिलिमीटरच्या आत थांबते. इथे ८ पर्यंत जाते. मग ते वाक्य कानावर येतं : “इथं हाड भरावं लागेल.”

पेशंटच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यानंतर रस्त्यावरचे खड्डे बुजवणारी गाडी उभी राहते. त्यात त्याची चूक नाही. दंतवैद्यांनीही बराच काळ असाच विचार केला. १९२३ मध्ये हेगेड्यूस नावाच्या दंतवैद्याने पायोरियाच्या रुग्णांच्या नडगीचं हाड काढून जबड्यात बसवल्याचं लिहून ठेवलं आहे. दातासाठी नडगी!

पण दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतोच. तो टांगलेला असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा धाग्यांचा पडदा असतो. त्या धाग्यांचं एक टोक हाडात रुतलेलं, दुसरं मुळावरच्या पातळ लेपात. हिरडीच्या आजारात हाड, धागे आणि लेप ही तिन्ही जातात. नुसतं हाड परत आणलं आणि धागे आलेच नाहीत, तर दात पुन्हा धरला गेला असं म्हणता येत नाही.

खरी अडचण वेगाची आहे. हिरडी उघडून मुळावरचं कीटण खरवडलं, टाके घातले, की मोकळ्या मुळाकडे चार प्रकारच्या पेशी निघतात : हिरडीच्या वरच्या त्वचेच्या, तिच्या आतल्या मांसाच्या, हाडाच्या आणि धाग्यांच्या. त्वचा सगळ्यांत चपळ. ती मुळालगत खाली उतरते आणि जागा बळकावते. धागे पोचतात तोवर दार बंद. जो आधी पोचेल त्याच्यावर जखम कशी भरणार ते ठरतं, हे टोरोंटोच्या मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडलं.

मग त्वचेलाच अडवलं तर? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या निमन, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ते करून पाहिलं. खालचा पुढचा एक दात, आजार फार पुढे गेलेला. त्यांनी प्रयोगशाळेतला गाळणकागद मुळावर पडद्यासारखा ठेवला आणि वर हिरडी शिवली. तीन महिन्यांनी तो दात आजूबाजूच्या भागासकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली नेला. आजाराने उघड्या पडलेल्या मुळावर नवा लेप आला होता आणि त्यात धागे रुतले होते. आजच्या विरघळणाऱ्या पडद्यांचा पूर्वज तो गाळणकागद.

हाडाचे दाणे या गोष्टीत नंतर येतात, आणि त्यांचं काम मुख्यतः जागा राखण्याचं. दिसायला जाड रव्यासारखे. पेशंटच्याच रक्तात किंवा सलाइनमध्ये भिजवून खड्ड्यात हलके बसवतात. दाबून ठासले तर रक्तवाहिन्यांना शिरायला वाट उरत नाही. दाणे पेशंटच्या स्वतःच्या हाडाचे असतात, गाईबैलांच्या हाडाचे, कृत्रिम किंवा दुसऱ्या माणसाने दान केलेल्या हाडाचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी अशी दान केलेली हाडं स्वच्छ करून, गोठवून-सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवते. दाणे कशाचे आहेत हे डॉक्टरांना आधीच विचारावं. ज्यांच्या घरी आहाराचे, धर्माचे नियम आहेत त्यांनी तर नक्कीच, पर्याय असतात.

मात्र प्रत्येक खड्डा भरण्याजोगा नसतो. भिंतीतल्या कोनाड्यासारखा तीन बाजूंनी हाड असलेला अरुंद, खोल खड्डा उत्तम. दाणे जागचे हलत नाहीत आणि तिन्ही भिंतींतून पेशी येतात. उन्हाळ्यात तळं आटावं तसं सगळ्या दातांभोवतीचं हाड सारखंच खाली गेलं असेल, तर ते वर आणण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. अशा तोंडात सरसकट ‘बोन ग्राफ्ट’ सुचवलं गेलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि साखर आटोक्यात नसलेल्यांत यशाचं प्रमाण घटतं. तंबाखू, मिसरी हीसुद्धा आधी सुटलेली बरी.

आणखी एक फसवं चित्र. ऑपरेशननंतर एक्स-रेत खड्डा पांढरा दिसतो आणि पेशंट खूश होतो. पण बरेचसे दाणे मुळातच पांढरे दिसतात; हाड आलं की दाणेच बसलेत, हे त्या फोटोवरून लगेच कळत नाही. त्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबून पुन्हा तीच सळई घालावी लागते. ८ वर गेलेली सळई तेव्हा ४ वर थांबली आणि रक्त आलं नाही, तर डॉक्टर समाधानाने मान डोलावतात.